मागच्या चुलीवरचे झिंगे

माह्या धाकट्या जाऊचं नाव प्रियंका. नागपूरची पोरगी, लग्न होऊन ढाणकीले आमच्या घरात आली त्याले तीन वर्षं झाली. तिचा स्वभाव वाईट असता तं मले सोपं गेलं असतं. पण बाप्पा, नाव ठेवावं असं काहीच नाही तिच्यात! सासऱ्यांची बीपीची गोळी वेळेवर देते, शाळेत शिकवून येते अन् आल्यावर माह्या गुडघ्याले तेलही लावून देते. म्हणूनच माह्या पोटात जास्त दुखते.

माहा पोट्टा पियुष पुण्याले नोकरीले आहे. वर्षातून दोनदा येते. मागच्या दिवाळीत काकूच्या माहेरी गेलता, तिथं तिच्या हातचे झिंगे खाऊन आला. आता येण्याआधी त्यानं फोन केला. मले नाही, तिले! "काकू, शनिवारी येऊन राह्यलो. ते लसूण-बटरवाले झिंगे करजो."

मी बाजूलेच उभी होती. लहानपणापासून त्याले झिंग्याची तर्री मी खाऊ घातली, सुकटीची चटणी करून डब्यात भरून मी दिली. अन् फर्माईश तिले! असा राग आला, काय सांगू.

आमचे सासरे वामनराव माळकरी. घरातल्या गॅसवर मासमच्छी चढत नाही. त्याच्यासाठी मागच्या अंगणात वेगळी चूल, वेगळी भांडी. ती चूल माही. प्रियंकानं तिथं कधी साधं अंडंही उकडलं नव्हतं.

शनिवारी तिनं बाजारातून धरणाचे ताजे झिंगे आणले. एकेकाच्या पाठीतला काळा दोरा काढला, गड्डाभर लसूण बारीक चिरला. कढई चढवली, बटरची वडी टाकली अन् मले विचारलं, "ताई, जाळ जास्त तर नाही ना?"

जास्तच होता. तेलाले असा जाळ चालते, बटरले नाही. लाकडं ओढून नुसत्या इंगळावर करा लागते, हे मले दिसत होतं.

"नाही वं, होऊ दे," मी म्हटलं.

तिनं लसूण अन् झिंगे कढईत टाकले, लिंबू कापाले पाठ केली, अन् मी मूठभर तुराट्या चुलीत सारल्या. वाळलेल्या तुराट्या, भसकन पेटल्या. ती वळेपर्यंत बटर काळं, लसणाचा कोळसा, झिंगे आखडून बटनावाणी.

"ताई, जळलं हो!" तिचे डोळे भरले.

"राहू दे, पहिल्यांदा होते असं." तोंडानं हे, अन् मनात लाडू फुटत होते.

पियुष जेवाले बसला. मी मुद्दाम समोर बसली, त्याचं तोंड पाहाले. त्यानं घास घेतला, चावला, थांबला, वरून पाणी प्यायला. अन् म्हणते कसा, "काकू, भारी झालं!"

अवं माय! पुन्हा वाढून घेतलं, ताट पुसून खाल्लं. ती बिचारी खुलली. अन् माह्या वरणात मीठ कमी झालं तं हाच पोट्टा ताट सरकवते.

तो मागं हात धुवाले आला तसं मी गाठलं. "कडू होतं नं?"

"जहर होतं, आई."

"मंग कायले खाल्लं?"

"काकूले वाईट वाटलं असतं नं. एवढी मेहनत केली तिनं."

"अन् माह्या हातचं ताट सरकवतं तवा? मले नाही वाटत वाईट?"

हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"तुले? तू तं आई आहेस," तो म्हणाला, अन् काकूले आवाज देत आत गेला.

मी कढई पुढ्यात ओढली, राख घेतली अन् घासाले बसली. तेवढ्यात प्रियंका धावत आली.

"ताई, सोडा ना. माझ्या हातून जळलं, मी घासते."

"तुह्या हातून नाही जळलं," मी म्हटलं. कढई काही तिच्या हाती दिली नाही.