पाहुण्यांसमोर थांबलेली मालगाडी

आमच्या गावाचा इतिहास इंजिनाला तहान लागली तिथून सुरू होतो. नाशिकच्या पुढे वाफेच्या इंजिनाला पाणी हवं होतं, म्हणून टाकी बांधली. टाकीसाठी माणसं आली, माणसांसाठी चहावाला आला आणि चहावाल्याभोवती गाव जमलं. (सध्या गाव पुराणकाळातलं असल्याचं सिद्ध करायला एक समिती नेमली आहे. टाकीच्या आधी इथे एक बाभूळ होती, एवढाच पुरावा समितीच्या हाती आहे.)

घरं रुळांना इतकी लागून की गाडी जाताना ओरडलेलंही ऐकू येत नाही. त्यामुळे गाडी आली की बोलणारा वाक्याच्या मध्यात थांबतो आणि ती गेल्यावर पुढच्या शब्दापासून सुरू करतो. भांडणंसुद्धा अशीच चालतात. शिवाय गाडी येतेय हे आमच्या कानांच्या आधी तळपायांना कळतं. फरशी जराशी थरथरली, की तोंडं बंद. मी नाशिकला राहून या खेडवळ सवयीतून सुटलो, असं मी चारचौघांत सांगत असे.

गेल्या हिवाळ्यात माझी भाची अश्विनी हिला बघायला देवळ्याहून पाहुणे आले. मुलगा सागर, त्याचे वडील भाऊसाहेब आणि आत्या. अश्विनी आणि सागर यांचं आधीच जमलं होतं. फक्त मोठ्यांनी हो म्हणायचं बाकी होतं.

"मामा, मला हेच सासर पाहिजे," अश्विनीने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. "तुम्ही फक्त कमी बोला."

मी टाकीपासून सुरुवात केली. भाऊसाहेब बिचारे बाभळीपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी खाकरून विचारलं, "ते समदं बरोबर हाय. पण पोरीला काही आजार-बिजार तर नाय ना?"

सरळ 'नाही' म्हणायचं. पण मी चार पुस्तकं वाचलेला माणूस! मी घसा साफ केला.

"आजाराचं म्हणाल, तर आमच्या अश्विनीला लहानपणापासून..."

आणि फरशी थरथरली.

मी थांबलो. ताई पोह्यांचा डाव हातात धरून थांबली. दाजी "अहो, तिला" एवढं बोलून थांबले. पाहुण्यांच्या पायांना काहीच कळलं नव्हतं. त्यांना दिसलं ते इतकंच, की आजाराचा विषय निघताच अख्खं घर मुकं झालं.

त्यात ती येणारी मालगाडी गावाबाहेरच सिग्नलला अडकली. गाडी पुढे जाईना, आवाज येईना, आणि एकदा थांबल्यावर गाडी गेल्याशिवाय बोलायचं नाही ही आमची रीत.

आत्या भाऊसाहेबांच्या कानाशी लागल्या. "पोरीले काय शे? बोलतच नहीत."

"चला," भाऊसाहेब उठले. सागर खाली बघत चपला घालू लागला. तेवढ्यात मालगाडी धडधडत आली आणि निघून गेली.

"साधी सर्दीसुद्धा झालेली नाही," मी म्हणालो. अंगणात पोचलेल्या पाहुण्यांच्या पाठीला.

अश्विनी माझ्याकडे न बघता बाहेर धावली. "काका, मला काही झालेलं नाही. चपला काढा आणि ओसरीवर उभे राहा. थोडा वेळच."

"कशाला?"

"पायांनी ऐकायला."

भाऊसाहेब गोंधळून उभे राहिले. बराच वेळ काहीच घडेना, म्हणून ते नाशिकच्या डॉक्टरांना दाखवून घेण्याबद्दल बोलू लागले, आणि "डॉक्टर" म्हणतानाच गप्प झाले. पायांकडे बघितलं. मग ताईकडे, दाजींकडे. सगळे गप्प. पॅसेंजर जाईपर्यंत तेही आमच्यातलेच झाले.

"चांगले हायेत म्हणतात," त्यांनी वाक्य पुरं केलं, आणि हसत आत येऊन पोह्यांची बशी उचलली.

लग्न ठरलं. भाऊसाहेबांची एकच अट होती: लग्नात मुलीच्या मामाने एक शब्दही बोलायचा नाही, जवळपास रूळ असोत वा नसोत. मी विचार करून सांगतो म्हणणार होतो, पण अश्विनीने त्याआधीच माझ्या वतीने होकार देऊन टाकला.