हत्तीच्या कानाला केळं

आमच्या ईराला पुस्तकांची ओढ लागली ती एका पिकलेल्या केळ्यामुळे.

नाहूरच्या आमच्या सोसायटीत मात्र श्रेय मला देतात. ‘सावंतकाकांनी नातीला तान्ही असल्यापासून वाचून दाखवलं हो!’ हे ऐकताना हल्ली लाज वाटते. म्हणून एकदाचं खरं सांगून टाकतो.

रजा संपवून ऑफिसला निघताना सून मानसीने बजावलं होतं, "बाबा, या वयात बाळाचा मेंदू झपाट्याने घडतो. तिच्याशी खूप बोला. रोज दुपारी मोठ्याने वाचून दाखवा. अर्थ नाही कळला तरी शब्द कानावर पडू देत."

"काळजीच सोड!"

पहिल्या दुपारी पुस्तक उघडलं. ‘एक होता हत्ती.’ दुसऱ्या पानावर हत्ती पोचलाच नाही, कारण मला झोप लागली. (अंगाई बाळासाठी असते; आमच्यात उलटं.) मग रोज तेच. मी घोरायचो आणि ईरा मन लावून ऐकायची!

संध्याकाळी मानसी विचारी, "वाचलंत ना?"

"हत्ती फार आवडतो गं तिला!"

आणि पहिला वाढदिवस आला. बाळापुढे वस्तू मांडायच्या, ते जी उचलेल त्यावरून त्याचं पुढचं आयुष्य ओळखायचं, हा रिवाज उष्टावणाला राहून गेला होता, तो आज उरकायचा होता. (तेव्हा उत्सवमूर्ती झोपली होती. माझ्यावर गेली आहे.)

"पुस्तकच उचलणार ती!" मानसीने जाहीर केलं. "बाबा रोज वाचतात ना!"

"छे हो, कॅल्क्युलेटर!" बोरिवलीचे व्याही म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेले. "रक्त आमचं आहे."

पोरीने पुस्तकाकडे ढुंकून पाहिलं नाही तर माझं बिंग फुटणार! स्वयंपाकघरात गेलो आणि ईराचं लाडकं केळं कुस्करून पुस्तकावरच्या हत्तीच्या कानाला चोळलं.

ईरा रांगत निघाली ती थेट कॅल्क्युलेटरकडे.

"बघा!" व्याही ओरडले.

ती थबकली. नाक हललं. गर्रकन वळली आणि तिने हत्तीचं पुस्तक छातीशी धरलं! टाळ्या! मानसीचे डोळे भरून आले. मग ईराने हत्तीचा कान चाटला.

"अगं बाई, पुस्तकाची पापी घेतेय!" मानसी म्हणाली.

तेवढ्यात आमच्या हिने हवेत वास घेतला. "अहो, केळं कुणी सोललं?"

"प्रसादाचं असेल!"

दुसऱ्याच दिवशी दारात सोसायटीतल्या तीन आया, कडेवर तीन बाळं. "काका, आमच्यालाही वाचून दाखवा ना!" आणि त्या तिघी समोरच ठाण मांडून बसल्या. झोपायची सोय उरली नाही! नाइलाजाने हत्ती दुसऱ्या पानावर गेला. तिथे तो चिखलात घसरून पडतो. मी धपकन पडून दाखवलं, तर ईरा खदखदून हसली, चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "धप!" पुढे रोज मी पडायचो, रोज तिला नवा शब्द सापडायचा. कंबर गेली ती कायमची.

आता ती पहिलीत आहे. दुधाची पिशवी, लिफ्टमधली नोटीस, दिसेल ते मोठ्याने वाचते. हे लिहीत होतो तर मागून आवाज आला, "केळं... आजोबा, कुणाचं केळं?"

"काही नाही गं, जा खेळ."

गेली, पण पहिलं पान घेऊन! आत्ता स्वयंपाकघरातून खणखणीत वाचन ऐकू येतंय. जोडाक्षरालासुद्धा अडत नाही. मध्येच मानसी म्हणाली, "थांब, थांब. परत वाच बघू. कोण घोरायचं?"

लहानपणापासून वाचून दाखवलं की मुलं लवकर वाचायला लागतात, हे अगदी खरं आहे हो. झोपूनच राहायला हवं होतं मी!