लॅपटॉपला गुलाबी हिरड्या

चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवलेल्या माणसाने म्हातारपणी लॅपटॉप दुरुस्त करावेत, याचं कुणी नवल केलं की कवळीकाका म्हणत, "तोंडच ते. उघडतं, मिटतं, आणि माणसं नीट वापरत नाहीत." गल्लीतले तुटके लॅपटॉप त्यांच्याकडे येत आणि धडधाकट होऊन परत जात.

त्या दिवशी मात्र पेशंट घरचाच होता. सुनेची दुपारी चारला नोकरीची मुलाखत होती, लॅपटॉपवरूनच. सासूच्या आजारपणात चार वर्षं घरी काढल्यावर आलेलं हे पहिलंच बोलावणं. सकाळी तिने झाकण उघडलं तर कडकन आवाज झाला, कोपरा चिरला आणि बिजागरी उचकटून वर आली. काकांच्या चिरंजीवांनी "मी करतो" म्हणत झटपट चिकटणारा गोंद ओतला. तो वाळला, झाकण उघडलं, पुन्हा कडकन.

"रोग म्हशीला आणि इलाज पखालीला!" काका मुलावर उखडले. "प्लॅस्टिकचा काय दोष? बिजागरी घट्ट झालीय. ती फिरत नाही, म्हणून बिचारं प्लॅस्टिक उपटलं जातं."

"मग नवाच घेऊ ना, बाबा."

"चारच्या आत त्यात हिचं सगळं भरून देतोस?"

चिरंजीवांनी गोंदाची नळी उचलून ठेवली.

काकांनी आधी बॅटरीची वायर काढली. बिजागरीचा नट पाव फेरा सैल केला, थेंबभर तेल सोडलं, बोटाने हलवून पाहिली, पुन्हा किंचित सैल केली. मग मुलाचा गोंद खरवडत बसले, आणि तोंडाने त्याचा उद्धारही चालू होता. स्क्रू बसतात ते दोन इवलेसे पितळी नट सुटून आत पडले होते. हल्ली त्यांचा हात थरथरतो, पण मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं की चिमटा निमूट सरळ जातो. नट बिजागरीलाच स्क्रूने आवळले, म्हणजे ते तसूभरही सरकायला नकोत, आणि भोवती कवळीचं गुलाबी मिश्रण भरलं. घरभर दवाखान्याचा वास सुटला.

"बाबा, साडेतीन झाले," सून दारातून म्हणाली. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"हिरडीला घाई चालत नाही गं."

पावणेचारला त्यांनी बॅटरीची वायर पुन्हा जोडली आणि मिटलेला लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. स्वतः उघडून पाहिला नाही. नव्या कवळीचा पहिला घास ज्याचा त्यानेच घ्यायचा, हा त्यांचा धंद्यातला नेम. तिने श्वास रोखून झाकण उचललं. ते अलगद वर आलं आणि सोडलं तिथेच थांबलं. असा कारागीर दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

मुलाखत सुरू झाली. काका शेजारच्या खोलीत हत्यारं पुसत होते, कान मात्र इकडेच. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "मधली चार वर्षं काय केलंत?"

"घरीच होते," सून म्हणाली. "सांगण्यासारखं काही नाही."

काकांना ते फार झोंबलं. चार वर्षांत त्यांनी स्वतःही तिला कधी एका शब्दाने 'बरं केलंस' म्हटलं नव्हतं. हातातलं फडकं तसंच घेऊन ते कॅमेऱ्यापुढे जाऊन उभे राहिले.

"माफ करा, मी हिचा सासरा. ही खोटं बोलतेय. औषधांच्या वेळा, डॉक्टरांशी भांडणं, जागरणं, सगळं हिने केलं. मी आयुष्यभर लोकांना जेवतं केलं, पण माझ्या बायकोला घास भरवणं मला जमलं नाही. ते हिने केलं, शेवटपर्यंत."

सून मान खाली घालून बसली. बाईंनी समोरचा कागद उलटून पाहिला.

"हे तुमच्या अर्जात का नाही लिहिलंत?"