बारकूने घातलेली शपथ

एकतीस डिसेंबरला मुंबईच्या गाड्या आमच्या टोकावड्यावरून माळशेजकडे धावायला लागल्या, की आम्ही तिघं नाक्यावरच्या चहाच्या टपरीत बसून नवीन वर्षाचे संकल्प करायचो. दरवर्षी करायचो आणि दरवर्षी मोडायचो! मोडलेल्या संकल्पाचं एक बरं असतं, त्याचा किस्सा होतो. पाळलेल्या संकल्पाचं काय सांगणार? असे किस्से इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो.

तिघं म्हणजे मी दत्तू, एसटीतला रिटायर्ड कंडक्टर. बबन, माझाच ड्रायव्हर. आणि बारकू, भातशेतीवाला, बैलांचा शौकीन. तिघंही शाळेत एकाच बाकावर बसलो आणि साठीनंतर तिघंही एकाच डॉक्टरकडे जायला लागलो.

*

रिटायर झाल्यावरचा पहिला संकल्प मॉर्निंग वॉकचा. एक जानेवारीला कानटोप्या घालून घाटाच्या दिशेने निघालो. बराच वेळ झाला तरी बबन वळायचं नाव घेईना. म्हणाला, "दत्तूनं शिटी मारल्याबिगर मी कंदी रिव्हर्स घेतलाय का?"

शिटी घरी राहिली होती! गुडघे बोलायला लागले तेव्हा समोरून एसटी आली. ड्रायव्हर बबनच्या हाताखाली शिकलेला. त्याने गाडी थांबवली, "चला उस्ताद, बसा!" बसलो. दुसऱ्या दिवशी तो न सांगताच थांबला. तिसऱ्या दिवशी जाणारी गाडीही थांबली!

आठवड्याच्या आत आमचा मॉर्निंग वॉक दोन्ही बाजूंनी सीटवर बसून व्हायला लागला. बारकू म्हणाला, "तब्येत सुदारली रे, आता आजिबात दमायला होत नाय!"

*

बारकूने जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नाही. त्याचा टाइम एसटीवर. कल्याणची गाडी गेली की न्याहारी, आळेफाट्याची आली की बैलांना पाणी. त्याला बीपी निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायची. बारकूने तिथल्या तिथे ठरवलं, आळेफाट्याची गाडी आली की गोळी. त्या वर्षीचा त्याचा संकल्पही तोच, गोळी चुकवायची नाही. आणि पठ्ठ्याने खरंच चुकवली नाही.

पावसाळ्यात घाटात दरड कोसळली. रस्ता बंद. चार दिवसांनी बारकू शेताच्या बांधावर चक्कर येऊन बसला. मी धावत गेलो, "अरे, गोळी घेतलीस का?"

तो माझ्यावरच खेकसला, "कशी घेनार? गाडीच नाय आली ना!"

*

बबनला शुगर निघाली. डॉक्टरांनी भात बंद केला. आमच्याकडे भात बंद म्हणजे जेवणच बंद! बबन दोन दिवस सुतकात असल्यासारखा बसून होता. नवीन वर्ष तोंडावर होतंच, त्याने संकल्प केला, भाताला शिवणार नाही.

महिनाभराने शुगर तपासली तर आणखी वाढलेली. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, रखमावहिनींना विचारलं, "घरी नक्की काय खातात हे?"

वहिनी म्हणाल्या, "भाताचं शीत नाय खात हो! पयल्या तारखेपास्नं फकस्त भाकरी खातात. तांदळाची!"

*

आमच्या भागातली म्हसा गावची जत्रा पौषात येते. म्हणजे जानेवारीतले संकल्प मोडायची देवानेच केलेली सोय! एका वर्षी जत्रेत आरोग्य तपासणीचा तंबू लागला होता. बारकू सकाळपासून बैलबाजारात, या बैलाचं तोंड उघड, त्या बैलाचे दात बघ, असं करत फिरत होता. आम्ही त्याला ओढून तंबूत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, वय किती?"

बारकूला आपलं वय कधीच ठाऊक नव्हतं. त्याने मान पुढे केली आणि आ वासला, "बघा ना दात!"

बाई गमतीच्या निघाल्या. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "समोरचे तर दोनच आहेत."

बैलबाजारात दोनदाती म्हणजे ऐन उमेदीतला. बारकू छाती काढून म्हणाला, "मंग लिवा दोनदाती! अजून नांगराला चालंल म्हना!"

अजूनही जत्रेला जातो मी. खाजा घेतो आणि उगाचच बैलबाजारात जाऊन उभा राहतो. पूर्वीइतके बैल येत नाहीत. पण कुणीतरी एखाद्या बैलाचं तोंड उघडतंच. मला हसू येतं आणि मग मी तिथून निघतो.

*

बबनला हार्टचा झटका आला तो त्या तंबूच्या पुढच्या वर्षी. वाचला. ड्रायव्हरकीत जागरणासाठी धरलेली तंबाखू त्याला तेव्हाही सुटली नव्हती. डॉक्टरांनी हात जोडले, "तंबाखू किंवा जीव, काय ते एक निवडा." रखमावहिनी पुड्या चुलीत घालायच्या आणि हा नवीन आणायचा.

एकतीस डिसेंबरला टपरीत बबन म्हणाला, "उद्यापास्नं बंद!" मी हसलो. बारकू हसला नाही. त्याने बबनचा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"तू सोताच्या जिवासाटी काय सोडनार नाय, मला म्हाईत हाय. आता माजी शपथ हाय तुला. तंबाखू तोंडात घातलीस, की मी मेलो समज."

बबनने चटका बसावा तसा हात काढून घेतला. "सुटली म्हन! बारक्या, आदी सुटली म्हन!"

शाळेतला कायदा तिघांनाही पाठ होता. शपथ ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं, दुसऱ्या कुणाचं चालत नाही. बारकू शांतपणे बशीतला चहा प्यायला.

त्या दिवसापासून बबनची तंबाखू बंद! विश्वास बसेना. चिडचिड करायचा, बडीशेप चघळायचा, पण तंबाखू नाही. एकदा त्याने बारकूच्या घरी गावठी कोंबडा पाठवला, निदान कोंबडा खाऊन तरी 'सुटली' म्हणेल म्हणून. दुसऱ्या दिवशी बारकू म्हणाला, "कोंबडा झ्याक होता. शपथ हाय तिथंच हाय!"

रखमावहिनी मला म्हणाल्या, "भावजी, आवगा जल्म मी ह्यांना कुंकवाची आन घातली, ह्यांनी ऐकली नाय. बारकूभावजींची शपथ बरी लागली! नवरा माजा हाय का त्यांचा?"

*

बारकूला जाऊन आता वर्ष होत आलं. टपरीत आम्ही दोघंच बसतो, तरी चहावाला सवयीने तीन कप मांडतो. यंदा मी काही संकल्प करणार नाही. मोडल्यावर टाळी द्यायला तो नसेल तर मोडण्यात काय मजा?

गेल्या एकतीस डिसेंबरला तो कल्याणच्या दवाखान्यात होता. किडन्या गेल्या होत्या. संकल्पाचा दिवस चुकवायचा नाही म्हणून बबन आणि मी दुपारच्या गाडीने गेलो. बैलाला एका हाताने आवरणारा माणूस, चादरीखाली आहे की नाही कळेना. मला बघवेना, मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो.

बारकूने बबनला खुणेने जवळ बोलावलं.

"बबन्या, लई तरास दिला रे तुला. माजं आता काय खरं नाय. जायच्या आदी तुला मोकळा करतो. तुजी शपथ सु..."

बबनने झडप घालून त्याच्या तोंडावर हात दाबला. नर्स ओरडली, "अहो, काय करताय!" बबनला ऐकूच गेलं नाही. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"बोलायचं नाय! एक शब्द बोलायचा नाय, बारक्या! त्या दिसापास्नं तंबाखूला हात नाय लावला मी. मंग तू मरशीलच कसा?"