मुद्दाम सोडलेल्या दोन बस

गेल्या शनिवारी मल्लेश्वरमच्या बसस्टॉपवर मी आणि गौरीने आमच्या दोन बस मुद्दाम सोडल्या. ऊन चांगलंच होतं, हातात भाजीची पिशवी होती... तरी फार दिवसांनी इतकं हलकं वाटत होतं.

गौरी माझी मुलगी, दुसरीत आहे. तिचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली. घरी मराठी आणि शाळा कन्नड, हे त्यांनीच ठरवलेलं, म्हणून तिला कन्नड शाळेत घातलं. मी ब्लाउज शिवते. संध्याकाळी मशीन बंद केलं की तिचा अभ्यास घ्यायला बसते.

जूनपासून तिच्या मिस डायरीत लिहीत होत्या, 'वाचता येत नाही. घरी लक्ष द्यावं.' मला राग यायचा. घरी तर पोरगी ओळीखाली बोट ठेवून धडाधड वाचायची! मीही लिहून पाठवलं, 'रोज दोन तास घेते. शाळेत काय घेता?'

आता वाटतं, असं लिहायला नको होतं. पण तेव्हा लिहिलं.

मग निरोप आला, शनिवारी येऊन भेटा. खालच्या मजल्यावरच्या अक्का म्हणाल्या, "पुन्हा दुसरीतच बसवतील बघ. बाप गेला की पोरं मागे पडतातच." त्या वाईट नाहीत, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दोन दिवस मी शिवणसुद्धा उसवून उसवून घातली. तिचे बाबा असते तर ती मागे पडली नसती... म्हणजे माझंच कमी पडतंय, एवढंच मनात येत होतं.

शाळेत गेले. मिस तरुण आहेत, चाळीस मुलांचा वर्ग एकट्या सांभाळतात. "बन्नी, या अक्का, बसा," म्हणाल्या. मी बसायच्या आधीच पुस्तक पुढे केलं. म्हटलं, तिला वाचायला सांगा, माझ्यासमोर.

बाजाराला निघालेल्या शेळीचा धडा होता. गौरीने न अडखळता वाचायला सुरुवात केली. मी मिसकडे असं बघितलं, की बघा आता!

मिसनी हळूच पुस्तक मिटलं... आणि गौरी थांबलीच नाही. शेळी मिटलेल्या पुस्तकातून बाजारात पोचली, पाला खाऊन परत निघाली. मध्येच एके ठिकाणी गौरी "हं..." म्हणाली, नाकावरून बोट वर सरकवलं आणि पुढे चालू.

"हे काय?" मिसनी विचारलं.

"आई तिथं असंच करते," गौरी म्हणाली.

तिथं पान संपतं. पान उलटताना माझा चष्मा घसरतो, मी तो वर सारते आणि "हं" म्हणून पुढे वाचते. गौरीला चष्मा नाही. पोरीने धडा माझ्या चष्म्यासकट पाठ केला होता!

मिसना हसू आवरेना. मला आधी रडू आलं, मग मीही हसले.

"तुम्ही आधी वाचून दाखवता?" त्यांनी विचारलं.

"तीनदा. तिला अडखळायला होऊ नये म्हणून."

"अडखळू द्या, अक्का. स्वल्प वेळ लागेल, लागू द्या." मग त्याच म्हणाल्या की चूक त्यांचीही आहे. वर्गात सगळ्यांना एकसुरात वाचायला लावतात, त्यात गौरीचा आवाज सगळ्यांत मोठा. फळ्यावर नवीन शब्द आला की मात्र ती गप्प. त्यांना वाटलं घरी कुणी बघत नाही, मला वाटलं शाळेत कुणी शिकवत नाही.

धीर करून विचारलं, पुन्हा दुसरीत बसवणार का?

"कशाला? अख्खं पुस्तक पाठ आहे हिला! आता फक्त डोळ्यांना काम द्यायचं." रोज प्रार्थनेआधी पाच मिनिटं त्या गौरीला एकटीला वाचायला बसवणार, आणि मी घरी तोंड बंद ठेवणार, असं ठरलं. डायरीत आता तक्रार नाही, तिने स्वतः वाचलेला एक नवा शब्द लिहायचा. एक दिवस त्यांनी, एक दिवस मी.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही कन्नड वाचायला कुठे शिकलात?"

"माझी मीच. बसच्या पाट्या वाचून." मी निपाणीकडची, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. हे उत्तर मी सगळ्यांना देते, जरा अभिमानाने देते.

स्टॉपवर आलो तर यशवंतपूरची बस समोरच उभी. सवयीने गौरीचा हात धरून चढणार, तेवढ्यात थांबले. म्हटलं, "नंबर नको बघू. नाव वाच." ती 'य' म्हणाली, 'श' म्हणाली... बस गेली. दुसरी आली, 'वं'पर्यंत पोचली... तीही गेली. माझ्या ओठांवर अख्खं नाव आलं होतं. गिळलं. चष्म्यालाही हात लावला नाही.

तिसऱ्या बसला ती ओरडली, "यशवंतपूर! आई, ही आपली!"

बसमध्ये बसल्यावर आठवलं... लग्नानंतर मॅजेस्टिकच्या मोठ्या बसस्टँडवर गौरीचे बाबा असेच माझ्या शेजारी उभे राहायचे. पाटी कधी वाचून दाखवली नाही. स्वतःचं दुकान उघडायला उशीर झाला तरी म्हणायचे, जाऊ दे ही, मागून दुसरी येईल.

इतकी वर्षं मी सांगत आले, माझी मीच शिकले. शिकले मीच. पण त्या सगळ्या बस कुणीतरी माझ्यासाठी सोडल्या होत्या.