पदराआडचं हसू

दवाखान्यात समोरच्या बाकावरची बाई मोबाइल बघत, पदर तोंडाला लावून हसते आहे आणि मला आमच्या थिएटरची मागची भिंत आठवते.

त्या भिंतीला टेकून मी आणि वहिनी उभे होतो. पडद्यावर मुखवटा घातलेला, शिवराळ सुपरहिरो. सिनेमा फक्त प्रौढांसाठी, म्हणजे पोराबाळांची गर्दी गेली. हा पडला तर थिएटरचं मंगल कार्यालय करायचं, हे घरात ठरलेलं होतं. पहिल्याच शिवीला सगळे चिडीचूप झाले. बाल्कनीत कुणीतरी उठलं, खुर्ची खाडकन मिटली.

"वहिनी, बुडालो."

"भाऊजी, जरा ऐका तरी."

मग बाल्कनीतूनच दबलेलं हसू आलं, पदराआडचं. त्यामागोमाग अख्खं थिएटर हसत सुटलं. उठलेला माणूस परत बसला.

लोक नुसत्या शिव्यांना हसले असतील, असं मला वाटत नाही. छाती फुगवून उपदेश करणारे नायक त्यांनी जन्मभर पाहिले होते. हा मार खायचा आणि सगळ्यांआधी स्वतःला हसायचा. त्याच्यापुढे कुणाला सभ्यपणाचा आव आणावा लागत नव्हता.

गाव माझ्याबद्दल अजून म्हणतं, "आप्पांचं धाडस!" मी ते श्रेय घेत आलो. खरं तर तो सिनेमा वहिनींनी आणला. मी आदल्या दिवशी पोस्टर उतरवायला माणूस पाठवला होता. वहिनींनी शिडीच कुलपात ठेवली.

आता हे गावाला सांगणार, असं काल त्यांना म्हणालो. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"सांगा की. पण भाऊजी, शिडीची किल्ली मी अजून तुम्हाला देणार नाही."