आमेनच्या आधी गेलेलं मटण

ताईचं लग्न जमण्यात एकच अडचण होती : मी.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी सांगलीत कॉलेजात होतो आणि नास्तिकांविरुद्ध पत्रकं लिहून, छापून विश्रामबागच्या स्टॉपवर वाटत होतो. (लोक आवडीनं घेत. शेंगदाणे बांधायला बरी पडत.) ताईचं आधीचं स्थळ मी चहाबरोबर पत्रक दिल्यानंच परत गेलं होतं. म्हणून कराडचे पाहुणे येणार त्या दिवशी आईनं बजावलं, "आज तोंड फक्त जेवायला उघडायचं!"

मुलाचे वडील दाविदकाका घड्याळं दुरुस्त करायचे. आमच्यासारखेच ख्रिस्ती, पण नावाला. बसता बसता म्हणाले, "देव हाय, न्हाई कोन म्हनतंय? पर त्यानं जगाचं घड्याळ केलं, किल्ली दिली आन् गेला. मी घड्याळ दुरुस्त करून गिऱ्हाइकाच्या मनगटावर जाऊन बसतो व्हय?"

ताई दाराआडून मला हात जोडत होती. पण खरं काय ते माहीत असून गप्प बसायचं?

"काका, किल्ली रोज द्यावी लागते! ती कोण देतं?"

"गिऱ्हाईक!"

मी पुढचा मुद्दा काढणार, तोच बाबांनी घाईघाईनं पंगत मांडली.

आमच्याकडे जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना होते, आणि 'आमेन' होईपर्यंत कुणी घासाला हात लावत नाही. पाहुण्यांना मुलाचे संस्कार दिसावेत म्हणून बाबा म्हणाले, "बाळ, तू कर. थोडक्यात!" (बाबांची आयुष्यातली सर्वांत मोठी चूक!)

"हे प्रभू, काही लोक म्हणतात, तू किल्ली देऊन निघून गेलास..." मी सुरुवात केली. प्रार्थनेत मध्ये कुणाला बोलता येत नाही, यासारखी वादाची सोय नाही! मी उत्पत्तीपासून निघालो. आईनं एक उसासा सोडला. मला वाटलं, भक्तीनं. "एक चिमणीदेखील तुझ्या नजरेतून सुटत नाही!" असं गरजलो, तेव्हा कुठंतरी पातेलं वाजलं. मी आवाज चढवला.

"आमेन!"

डोळे उघडले. मटणाचं पातेलं आडवं, सगळ्यात मोठा तुकडा तोंडात धरून शेजारचा बोका खिडकीत, आणि रस्सा नवऱ्या मुलाच्या पँटवर!

"कुणीच कसं पाहिलं नाही?" आई किंचाळली.

"मी बगत हुतो की," दाविदकाका म्हणाले. "मी डोळं मिटत न्हाई. म्हटलं, ह्येचा देव बगतोय, आपन कशाला मदी बोला?"

ताई रडकुंडीला आली. आणि मी? मी ओरडलो, "काका, देवानं तुम्हालाच तर राखणीला बसवलं होतं!"

संपलं, असं सगळ्यांना वाटलं. पण काका पोट धरून हसू लागले. "ह्ये बेनं सुदरायचं न्हाई! पोरगी पसंत हाय. पर एक अट हाय."

बाबांचा चेहरा उतरला.

"लग्नाच्या पंगतीत प्रार्थना मी करनार. ह्यो सुरू व्हायच्या आत!"

आणि खरंच, लग्नात त्यांनी हात जोडले, डोळेही मिटले. "देवा, जेवान गरम हाय. तुजं उपकार. आमेन!"

मंडप दणाणून गेला. माझ्या एकाही पत्रकानं न वळलेला माणूस अखेर देवाशी बोलला. मी बोलू नये म्हणून!